टी लिहिलेलं बटण

मथुराबाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरमालकिणीची भलामण करतोय असं पुढे कोणी म्हणायला नको. मी वणीत आलो तो कोळशाच्या डेपोवर, वजनकाट्याच्या कामाला. डेपोपासून जवळ, भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या म्हणजे मथुराबाईची चाळ. एका ओळीत खोल्या, समोर फरशीचं अंगण, कोपऱ्यात नळ आणि टोकाच्या खोलीत ती स्वतः. ही टोकाची खोली अशा जागी आहे की तिच्या नजरेतून सुटून चाळीतलं कोणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि ती नजर काही चांगली नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा मी विचारलं, पाणी किती वेळ येतं. तिनं उलट मला विचारलं, "बायको कुठं हाय?"

म्हटलं, गावी आहे, आर्णीकडे, तांड्यावर. खोली ठरली की आणतो.

"तिले घेऊन ये. मंग बोलू," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, एकट्या पुरुषाला खोली देत नसेल. तसं काही नव्हतं. पुढच्या रविवारी जमनीला घेऊन गेलो, तर बाईनं तिला ना नाव विचारलं ना गाव. हाताला धरून सरळ रिकाम्या खोलीत नेलं आणि दारामागच्या बोर्डासमोर उभं केलं. तिथं एक पांढरा डबा, त्याला वर-खाली होणारा खटका, आणि खटक्याशेजारी पिटुकलं बटण. बटणावर इंग्रजी टी लिहिलेला.

"दाब," मथुराबाई म्हणाली.

जमनीनं माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय पाहून राह्यली? तुले सांगतलं ना. दाब."

जमनीनं दाबलं. खाटकन खटका खाली पडला, पंखा बंद, दिवा बंद. जमनी दचकून दोन पावलं मागे सरली. मथुराबाईनं तिला खटका उचलायला लावला, पुन्हा दाबायला लावला, पुन्हा उचलायला लावला. मग माझी पाळी. माझा तोवर पारा चढला होता. मी विचारलं, "मावशी, हे असं कायद्यात आहे का?"

"कायद्यात काय हाय ते वकिलाले इचार. माह्या घरात हाय."

तेव्हा मिळाली किल्ली.

दुकानदार या डब्याला आरसीसीबी म्हणतात, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात, आणि आमच्या चाळीत त्याला जे म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. त्याचं काम एवढंच की वायरीतून गेलेला करंट जेवढाच्या तेवढा परत आला नाही, मध्येच पत्र्यातून, ओल्या फरशीतून किंवा माणसाच्या अंगातून वाट काढून गेला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत हा सगळं बंद करतो. वस्तू चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण वणीच्या मे महिन्यात माणसाला चांगल्या वस्तूचाही वैताग येतो.

पहिल्या तारखेला ती भाड्याला येते आणि भाडं हातात घेण्याआधी बटण दाबायला लावते. तेही बाईनंच दाबायचं. पुरुष घरी असला, पुढे झाला, तर त्याला बाजूला सारते. "तू त दिवसभर काट्यावर असतं. कूलरमधी पानी कोन भरते? हे भरते. मंग हिलेच समजलं पायजे." जमनीचे हात कणकेत असोत की टीव्हीवर तिची मालिका रंगात आलेली असो, बाईला त्याचं सोयरसुतक नाही. दाब म्हणजे दाब. आम्ही खोली भाड्यानं घेतली होती आणि सासू फुकट मिळाली होती. वर तिचा तोंडाचा पट्टा. फ्रीजच्या वायरला टेप दिसली की "मराची घाई हाय का", नळाजवळ एक्स्टेन्शन बोर्ड दिसला की "अक्कल गहाण ठेवली का". एकदा शेजारच्या खोलीतल्या कांताबाईनं पाणी तापवायची उघडी कॉइल बादलीत सोडली, तर मथुराबाईनं ती कॉइल उचलून नालीत फेकली आणि कांताबाईच्या माहेरापर्यंत उद्धार केला. कांताबाई त्या दिवसापासून तिला चेटकीण म्हणते. पाठीमागे म्हणते, तोंडावर म्हणायची छाती कोणाची नाही.

एवढं करण्यामागे तिचं काय होतं, ते जमनीनं एकदा विचारलं. मी तर विचारलंच नसतं. मथुराबाईनं सगळी उमर सरकारी दवाखान्यात आया म्हणून काढली. नवरा लवकर गेला, एकुलती एक लेक पायल, तिला शिकवलं, मास्तरीण केलं, पुसदला दिलं. रिटायर झाल्यावर जे हातात आलं त्यातून ही चाळ उभी केली. हे सगळं चाळीला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"उन्हाळा लागला की दवाखान्यात कूलरच्या बाया येत," ती जमनीला म्हणाली. "बायाच. मानूस एखांदा. भर दुपारी कूलर चालू, पायाखाली पानी, आन हातात पाइप. एकीच्या हातात त पाइप तसाच होता. बोटं मी उघडली तिची. घरमालक मांगं उभा होता तिच्या. काय म्हने? चप्पल घालून भराले सांगतलं होतं म्हने."

हे तिनं रडून सांगितलं नाही. भांडणात सांगतात तसं सांगितलं, जणू पाइप जमनीनंच त्या बाईच्या हातात दिला होता. मग उठली आणि जाताजाता आमच्या कूलरची पिन ओढून बघितली.

आमच्याकडे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. त्यात वणी म्हणजे वरून ऊन आणि खालून कोळशाची धूळ. खिडकी उघडी ठेवाल तर जेवणात काळं येतं, बंद ठेवाल तर आत माणूस शिजतो. म्हणून घरोघर पत्र्याचे कूलर. नवे थोडे, जुने फार. आणि जुन्या कूलरच्या पत्र्यात करंट उतरणं ही आमच्याकडे काही बातमी नाही. "जरा झिणझिण्या देते, बाकी चांगला हाय," असं म्हणून लोक कूलर विकतात आणि लोक घेतात. चप्पल घालायची, उलट्या हातानं पत्र्याला लावून बघायचं, मग पाणी भरायचं, हे पोरीबाळींनाही माहीत असतं. करंट कूलरचा, पण मथुराबाईचा खटका पडला की दोष खटक्याचा.

फिरोजचं तसंच झालं. फिरोज चंद्रपूर रोडवरच्या गॅरेजात ट्रकचं काम करतो. त्याची बायको आरिफा घरी शिलाई करते, आणि त्यांचा फैज तेव्हा नुकताच भिंत धरून चालायला लागला होता. फिरोजनं जुन्या बाजारातून भलामोठा कूलर आणला, पाणी भरलं, बटण लावलं आणि खटका पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा आवाज झाला तशी मथुराबाई तिच्या खोलीतून निघाली.

"कूलर बाहेर काढ."

"मावशी, कूलरले काही झालं नाही. तुमचा खटका नाजूक हाय."

"बाहेर काढ म्हटलं ना बे."

फिरोज हलेना. मग तिनं स्वतः कूलर ओढला. पाण्यानं भरलेला कूलर, आणि ओढणारी साठीच्या पुढची बाई. सगळं पाणी आरिफाच्या शिवायच्या कापडावर. आरिफा शांत पोरगी, पण त्या दिवशी तिचा तोल गेला. "मेरे बच्चे का पूरा बदन घमोरियों से लाल हो गया है, आपको दिखता नहीं?" म्हणून ती ओरडली. मथुराबाईनं फैजकडे बघितलं, नाही असं नाही. पण कूलर अंगणातच ठेवला.

फिरोज मेकॅनिक माणूस, त्यानं डोकं चालवलं. प्लगची तिसरी पिन काढून टाकली, कूलर लाकडी पाटावर ठेवला आणि पाटाखाली रबराचा तुकडा घातला. करंट पत्र्यात होताच, पण त्याला जमिनीत उतरायला वाट राहिली नाही. खटका शांत. फिरोज चाळभर सांगत सुटला की बाईच्या खटक्याला त्यानं कसं गप्प केलं. पहिली तारीख आली, मथुराबाईनं तो पाट बघितला आणि एका पायानं सरकवून दिला. त्यानंतर जे भांडण झालं ते ऐकायला रस्त्यावरचे ट्रकवाले थांबले होते. शेवटी फिरोजनं पंप बदलला आणि कूलर सुरू झाला. दोन आठवडे चालला, मग पंपात पाणी शिरलं, पुन्हा तेच. राग मात्र एकदाही बंद पडला नाही.

यातली खरी गोम अशी की मथुराबाई चाळ सोडून कुठं जाऊ शकत नव्हती. नातवाच्या बारशाला ती पुसदला गेली, आठ दिवस राहीन म्हणाली होती. ती गेली त्याच दिवशी चाळीतल्या लोकांनी वायरमन बोलावला आणि खटके डायरेक्ट करून घेतले, म्हणजे खटक्याला वळसा घालून सरळ वायर जोडली. माझ्या खोलीत तेवढं केलं नाही. मला चाललं असतं, पण जमनी बोर्डासमोरून हलेना. कोणीतरी मथुराबाईला फोनवर सांगितलं, बहुतेक जमनीनंच, आणि बाई बारशाच्या दुसऱ्या दिवशी परत, येऊन आधी त्या सगळ्या वायरी काढायला लावल्या. पायलला ते जिव्हारी लागलं. नातू मांडीवर असताना माझ्या मायचा जीव वणीच्या बोर्डात, असं ती फोनवर म्हणायची आणि मथुराबाई फोन कानापासून लांब धरायची. आम्हाला सगळं ऐकू यायचं.

यंदा पायलची रजा संपत आली. जावई धर्मपाल बियाण्यांच्या कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. शाळा उघडायच्या आत आई कायमची पुसदला आली तर पायलची नोकरी आणि लेकरू, दोन्ही सांभाळलं जाणार होतं. मथुराबाईचंही मन तिकडेच होतं. ती ते कबूल करायची नाही, पण नळावर बसून त्या पोराची लंगोटं शिवताना मी तिला पाहिलं आहे. चाळ ठेवून जाता येत नव्हतं, म्हणून तिनं चाळ विकायला काढली.

घेणारा मिळाला इंद्रजित. त्याचे कोळशाचे ट्रक चालतात आणि ड्रायव्हर ठेवायला त्याला खोल्या हव्या होत्या. तोंडात कायम खर्रा, त्यामुळे बोलणं कमी, पण बोलला की साखर. मथुराबाईची एकच अट होती, की खटके राहिले पाहिजेत, आणि नवा भाडेकरू आला की त्याच्या बायकोला बटण दाबायला लावायचं. इंद्रजित बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "मथुराबाई, तुमच्या चाळीचा खिळाबी हलनार नाही. तुमी निचितीनं नातू खेळवा."

चाळीत आनंदीआनंद. कांताबाईनं त्या दिवशी पुरण घातलं, सण कोणता ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही. मीही खूश होतो. मला वाटलं, आता पहिल्या तारखेला भाडं द्यायचं आणि दार लावायचं, संपलं. जमनीला तेवढं बरं वाटलं नव्हतं, पण तिला मी गप्प केलं.

इसाराच्या दिवशी पायल गाडी करून आली, कडेवर पोरगा. त्याच गाडीनं आईला घेऊन जायचं ठरलं होतं. खोलीतलं सामान बांधून अंगणात ठेवलं होतं, बाबासाहेबांचा फोटो लुगड्यात गुंडाळून सगळ्यांत वर. इंद्रजित आला, त्याच्यासोबत दोन साक्षीदार. कागद काढणार तोच मथुराबाई म्हणाली, "आधी चाला. खोल्या ताब्यात देते."

"ताबा खरेदीच्या दिवशी घेऊ ना," इंद्रजित म्हणाला.

"चाला म्हटलं ना."

नातवाला कडेवर घेऊन ती एकेका खोलीत गेली. प्रत्येक दारात बाईला बोलावलं, बटण दाबायला लावलं, इंद्रजितला बघायला लावलं. जमनीनं दाबलं, खटका पडला, पंखा थांबला. कांताबाईनं नाक मुरडून दाबलं, थांबला. इंद्रजितचं लक्ष फोनमध्ये. शेवटी फिरोजची खोली आली. आरिफा दारात उभी होती, ती बाजूला होईना.

"काहून उभी हाय? दाब."

आरिफानं फिरोजकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मथुराबाई तिच्या बाजूनं आत गेली आणि नातू एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं तिनंच बटण दाबलं.

खटका खाली पडला. पंखा फिरत राहिला.

कूलरही चालूच होता. कूलरखाली पाणी सांडलेलं होतं आणि त्यात फैज बसून दोन्ही हातांनी पाणी उडवत होता. मी दारातून बघत होतो. तोवर माझ्या मनात या बाईबद्दल रागाशिवाय काही नव्हतं, पण तो पडलेला खटका आणि तो फिरणारा पंखा बघून मी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मथुराबाईनं आधी बोर्डावरचं मेन बटण बंद केलं. मग आरिफाला म्हणाली, "लेकरू उचल." आणि मग मागे वळली.

"कोनं केलं?"

"मी केलं," फिरोज म्हणाला. "काल तुमी बँकेत गेलत्या तवा. ह्यायचाच वायरमन आलता." त्यानं इंद्रजितकडे बोट दाखवलं.

इंद्रजित हसला. "अहो, पोट्ट्याले गरमी होते म्हने. भाडेकरू खूश त मालक खूश. बाकीच्या खोल्याबी करून देऊ म्हटलं, घाई काय हाय. आता घर माह्यंच हाय."

"घर तुमचं?" मथुराबाई म्हणाली. "तुमाले कोनं इकलं?"

"म्हनजे?"

"म्हनजे मी नाही इकत."

तिथून पुढे जे झालं ते सगळे एकाच वेळी बोलत असल्यानं नीट सांगता येणार नाही. इंद्रजितची साखर विरघळली. कोणता कायदा म्हणतो की विकणारीनं विकल्यावरही दारात उभं राहून पहारा करायचा, असं त्यानं विचारलं. घर विकलं की संपलं, पुढं घेणारा जाणे आणि राहणारे जाणे. मथुराबाई त्याला म्हणाली, "मी खोल्या इकून राह्यली होती. त्यातल्या बाया नाही." साक्षीदार हसले, तर ती त्यांच्याही अंगावर गेली. फिरोज ओरडत होता की आमचं मरण आम्ही बघू, तुम्हाला ठेका कोणी दिला. कांताबाई बाहेरून म्हणाली, "जाय ना बाई आता एकदाची!" मीही म्हणालो की मावशी, गाडी उभी आहे, लेक आली आहे, जाऊ द्या. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, अशी आमची सगळ्यांची गत.

इंद्रजित गेला. जाताना दारात भलीमोठी पिचकारी टाकून गेला.

मग पायल पुढे आली. ती आतापर्यंत सामानाजवळ उभी होती.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"दुसरं गिऱ्हाईक पाह्यतो."

"त्यानं नाही केलं डायरेक्ट त हे लोक करतीन. सगळे करतात. तू कोनालेच इकनार नाही." पायलचा आवाज चढत गेला. "हे लोक तुले शिव्या देतात, माय. चेटकीन म्हनतात तुले. म्या माह्या कानानं ऐकलं. आन त्यायच्यासाठी तू माह्या लेकराले सोडून राह्यली?"

"मी कोनासाठी काही करून नाही राह्यली."

"मंग चाल."

मथुराबाईनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"चाल ना, माय. गाडीत बस. मांगं पाहू नको."

"घर असं सोडून नाही येता येत वं."

पायलनं आईच्या कडेवरून पोराला घेतलं. पोरगं रडायला लागलं, आजीचा पदर त्याच्या मुठीत होता, तो पायलनं सोडवला. "शाळा उघडली की मी बाई ठेवतो त्याले सांभाळाले," ती म्हणाली. "तू बटनं सांभाळ." गाडी गेली. अंगणातलं सामान मथुराबाईनं एकटीनं आत नेलं. कोणी हात लावला नाही. जमनी उठली होती, तर मथुराबाईनं तिला हातानंच मागे सारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा वायरमन आणून फिरोजच्या खोलीतली ती वायर काढली. फिरोजनं खोली सोडायचं ठरवलंच होतं. इंद्रजितनं त्याला दुसरीकडे, ट्रकच्या यार्डामागे एक खोली दिली. तिथं खटका नाही, कटकट नाही, कूलर चोवीस तास चालवा. टेम्पोत सामान चढलं, तो कूलरही चढला. आरिफा फैजला घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. तेव्हा मथुराबाई रिकाम्या झालेल्या खोलीतून बाहेर आली. हातात तो पांढरा डबा. भिंतीतून उखडून काढलेला, मागे वायरींचे तुकडे लोंबत होते.

"हे घेऊन जाय," ती फिरोजला म्हणाली. "तिथं लाव."

"तुमची वस्तू तुमच्याजवळ ठेवा, मावशी."

"तुह्यासाठी नाही देऊन राह्यली. तू मर नाहीतर जग, मले काय?"

फिरोजनं डबा घेतला आणि रस्त्याच्या कडेला धुळीत ठेवला. मग मागच्या फळक्यावर चढून बसला. टेम्पो सुरू झाला, दहा-पंधरा हात गेला आणि थांबला. आरिफा उतरली. फैजला ड्रायव्हरजवळ सोडून मागे चालत आली, डबा उचलला, ओढणीनं पुसला. मथुराबाईकडे तिनं पाहिलं नाही. डबा मांडीवर घेऊन पुन्हा टेम्पोत बसली. तिथं तिनं तो लावला की नाही, मला माहीत नाही. तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायांनाही माहीत नाही.

यानंतर मथुराबाई बदलली, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. पहिल्या तारखेला आली, जमनीला "दाब" म्हणाली, आणि गेली. शिव्या नाहीत. कांताबाईच्या खोलीत उघडी वायर लोंबत होती, तर नुसतं बोट दाखवलं. रोज सकाळी ओट्यावर बसून पायलला फोन लावायची. पलीकडे वाजत राहायचं, वाजत राहायचं, मग बंद. फोन पदराला पुसून बाजूला ठेवायची आणि जरा वेळानं पुन्हा लावायची. शाळा उघडल्या. समोर बसून ते रोज बघण्यापेक्षा तिच्या शिव्या बऱ्या होत्या. एक दिवस मीच वैतागून म्हणालो, "मावशी, तुम्ही जा पुसदला. आठ दिवस राहा. बटणं मी बघतो."

"तू?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुले काय समजते त्यातलं?"

"बटण दाबायचं, खटका पडला पाहिजे आणि पंखा थांबला पाहिजे. त्यात समजायचं काय?"

"कोनी डायरेक्ट कराले वायरमन आनला तर?"

"हाकलतो."

"तुले शिव्या देतीन."

"देऊ द्या. तुम्हाला देतातच की."

तिनं मला जमनीसमोर तीनदा दाबून दाखवायला लावलं आणि पुसदच्या एसटीत बसली. मी चाळीत फिरलो. कांताबाईनं मला मथुराबाईचा चमचा म्हटलं. दुसऱ्या टोकाच्या खोलीतल्या ड्रायव्हरनं विचारलं, तुम्ही भाडेकरू की वॉचमन. मी त्याच्या बायकोला बटण दाबायला लावलं, खटका पडला, पंखा थांबला, आणि मला त्या माणसाचा इतका राग आला की मथुराबाईच्या तोंडचे सगळे शब्द माझ्या तोंडात आले.

आठ दिवसांसाठी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारीच परत आली. मी काट्यावरून जेवायला घरी आलो होतो. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती एकेका खोलीत गेली आणि सगळी बटणं स्वतः दाबून बघितली. माझ्यावर विश्वास नव्हता. मला राग आला. शेवटी आमच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली. जमनीनं पाणी दिलं. ते तिनं घेतलं, प्यायली नाही.

"बरं आहे ना सगळं पुसदला?" जमनीनं विचारलं.

"बरं हाय. बाई चांगली भेटली लेकराले. तिच्याकडं राह्यते पोरगं. माह्याकडं नाही आलं." तिनं गिलास खाली ठेवला. "पायलबी भांडली नाही. मले वाटलं होतं भांडन."

जमनीनं तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

"ट्रेमधी चहा आनला तिनं मले," मथुराबाई म्हणाली. "बिस्किटं मांडून. सक्क्या मायले."